परवानगीच्या कागदात घरी जायची वाटही लिहा

प्रति,
मा. आयुक्त, ठाणे आणि नवी मुंबई महानगरपालिका,
मा. पोलीस आयुक्त, ठाणे आणि नवी मुंबई,
टीएमटी आणि एनएमएमटी या शहर बससेवांचे व्यवस्थापक,
मध्य रेल्वेच्या मुंबई विभागाचे अधिकारी

विषय : रात्रीच्या संगीत कार्यक्रमांना परवानगी देतानाच श्रोत्यांच्या परतीची सोय करण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

मी ठाण्याची. नौपाड्यात वाढले, नोकरीसाठी बरीच वर्षं वाशीला येते-जाते, आणि गाणं ऐकण्याचं वेड लहानपणापासूनचं आहे. ख्याल, नाट्यसंगीत, गझल, रॉक, आगरी हळदीतला बँजो, लोकलच्या डब्यातलं भजन, सगळं ऐकते. त्यासाठी सभागृहांत बसले आहे, मैदानांत तासन्‌तास उभी राहिले आहे. या सगळ्या संध्याकाळींतून एक मागणी तयार झाली आहे, ती आधीच सांगते : रात्रीच्या कार्यक्रमाला परवानगी देताना, तो संपल्यावर माणसं घरी कशी जाणार हे त्याच परवानगीत लिहून घ्या. कार्यक्रम किती वाजता संपणार हे आपण विचारता. त्यापुढच्या दोन तासांचं कुणी विचारत नाही.

गाण्यासाठी लांबून लांबून माणसं आता आपल्या शहरांत येतात. नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम २००८ साली क्रिकेटसाठी उभं राहिलं. तिथे १० मे २०१७ ला जस्टिन बीबर गायला, १५ डिसेंबर २०१९ ला आयर्लंडचा यू-टू बँड आला आणि २०२५ च्या जानेवारीत १८, १९ आणि २१ तारखेला कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम झाले. मी कॉलेजात होते तेव्हा असे परदेशी बँड फक्त कॅसेटवर ऐकायचे होते. ठाण्याहून वाशीला जायचं तरी कुर्ल्याला गाडी बदला, नाहीतर ऐरोलीवरून बसने जा, अशी तऱ्हा होती. २००४ मध्ये ठाणे-वाशी ट्रान्स-हार्बर रेल्वेमार्गावर प्रवासी गाड्या सुरू झाल्या आणि दोन शहरांचे श्रोते एकमेकांना मिळाले. हा बदल माझ्यासारखीच्या आयुष्यात फार मोठा आहे.

ठाण्याचं गाणं त्याहून जुनं. मासुंदा तलावाच्या काठचं गडकरी रंगायतन १९७८ चं. गायक पं. राम मराठे ठाणेकर होते; त्यांच्या नावाने महापालिका संगीत महोत्सव भरवते, आणि २०२४ हे त्यांच्या जन्मशताब्दीचं वर्ष होतं. ज्यांची गाणी लग्नघरांत आजही लागतात ते पी. सावळाराम या शहराचे नगराध्यक्ष होते. ज्या गावाने गीतकाराला नगराध्यक्षाच्या खुर्चीवर बसवलं, त्या गावाच्या कारभाऱ्यांशी गाण्याबद्दल बोलताना मला संकोच वाटत नाही.

आता गर्दीचा हिशोब मांडते. डी. वाय. पाटीलची आसनक्षमता ४५ ते ५५ हजार सांगितली जाते. कार्यक्रमात स्टेजमागची आसनं रिकामी राहतात, मैदानात उभी माणसं वाढतात. सोयीसाठी ५० हजार धरू. बारा डब्यांची लोकल अगदी गच्च भरली तर पाच हजारांच्या घरात माणसं नेते. म्हणजे निम्मे लोक रेल्वेने जाणार म्हटले तरी पाच गाड्या दारापर्यंत भरून लागतात. त्याही एका दिशेने नाहीत. कुणाला सीएसएमटीकडे जायचं असतं, कुणाला ठाण्याला, कुणाला पनवेलला. सकाळची गर्दी तीन तासांत पसरून येते. ही सगळी माणसं मात्र अर्ध्या तासात फाटकाबाहेर पडतात, आणि तीही अशा वेळी की दोन गाड्यांमधलं अंतर वाढत चाललेलं असतं आणि बस डेपोकडे वळलेल्या असतात. उरलेले निम्मे लोक गाड्यांतून सायन-पनवेल महामार्गावर येतात, तिथे आधीच रात्रीची जड वाहनं धावत असतात. कुणाचीही चूक नसताना हे सगळं एकमेकांवर येऊन आदळतं.

हे मी स्वतः पाहिलं आहे. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या मैदानावरच्या कार्यक्रमाहून मी आणि माझी भाची परतत होतो. आत येताना चार फाटकं होती, बाहेर पडताना एकच उघडं होतं. आत जाताना ज्या मुला-मुलींनी आमचे रिस्टबँड तपासून वाट दाखवली होती, ती शेवटच्या गाण्यानंतर कुठेच दिसेनात. बाहेर स्टेशनकडे जायची पाटी नाही. हजारो फोन एकाच वेळी टॉवर शोधत असल्यामुळे रेंज गेलेली, म्हणून ॲपवरून गाडी बोलावता येईना. रिक्षावाले मीटर टाकायला तयार नव्हते. मध्यरात्रीनंतर मीटरवर पंचवीस टक्के जादा भाडं घ्यायची मुभा नियमातच आहे, तेवढं आम्ही आनंदाने दिलं असतं. फुटपाथ संपला तिथून आम्ही मोठ्या रस्त्याच्या कडेने चालू लागलो. पुढे मुलींचा एक घोळका चपला हातात घेऊन चालत होता, दुभाजकावर एक वयस्कर जोडपं दमून बसलं होतं, आणि ट्रक बाजूने जात होते. स्टेशनवर पोहोचलो तेव्हा आमच्या बाजूची शेवटची गाडी निघून गेली होती. चार अनोळखी बायका मिळून आम्ही एक टॅक्सी केली. त्यांतली एक कळव्याला उतरेपर्यंत तिच्या घरच्यांशी फोनवर बोलत होती.

दुसऱ्या दिवशी भाचीने मैत्रिणींना सगळा किस्सा सांगितला तो त्या चालण्याचा. गाण्यांबद्दल तिला कुणी विचारलंच नाही. त्या संध्याकाळी स्टेजवर जे झालं होतं ते इतकं सुंदर होतं की मला आजही त्याची हळहळ वाटते.

म्हणूनच सरावलेले श्रोते शेवटची तीन गाणी सोडून निघतात. हजारो रुपये मोजून, महिनोन्‌महिने वाट पाहून आलेली माणसं, ज्या गाण्यासाठी आली तेच गाणं सुरू होताना फाटकाकडे धावतात. बायका तर जास्तच. रात्री महिलांच्या डब्यात पोलीस किंवा होमगार्ड असतो, ती सोय चांगली आहे आणि तिच्यामुळे मी आजवर निर्धास्त प्रवास केला आहे. पण डब्यापर्यंत पोहोचायचा दीड-दोन किलोमीटरचा अंधारा पट्टा कुणाच्याच हद्दीत येत नाही.

हे बदलता येतं, याचा पुरावा आपणच दिला आहे. कोल्डप्लेच्या वेळी गोरेगाव ते नेरूळ खास लोकल सोडल्या गेल्या आणि त्या दिवसांत जड वाहनांना शहरात येण्यावर बंदी घातली गेली. २ नोव्हेंबर २०२५ ला महिला विश्वचषकाचा अंतिम सामना पावसामुळे दोन तास उशिरा सुरू झाला, मध्यरात्रीच्या सुमारास संपला, आणि भारताच्या मुलींचा विजय बघून भरलेलं स्टेडियम रात्री घरी गेलं. जगाचं लक्ष असतं तेव्हा सगळी खाती एका टेबलावर बसतात. माझं म्हणणं इतकंच की पाच हजारांहून जास्त माणसं येणार असतील त्या प्रत्येक कार्यक्रमाला असं टेबल हक्काने मिळावं, गाणारा परदेशी असो वा आपल्या कोपरखैरण्याचा.

वेळ कशी ठरवावी, याबद्दलही सांगते. आज आयोजक सुरुवातीची वेळ छापतात आणि तीही खरी नसते. फाटक चारला उघडतं, ज्याच्यासाठी आलो तो कलाकार साडेआठला येतो, आणि मग रात्री दहाच्या ध्वनिक्षेपक-बंदीच्या काट्याशी झोंबाझोंबी सुरू होते. ३० एप्रिल २०२३ ला पुण्यात ए. आर. रहमान यांचा कार्यक्रम दहाची वेळ उलटल्यामुळे पोलिसांना स्टेजवर येऊन थांबवावा लागला. असा प्रसंग कलाकारावर येऊ नये आणि ड्युटीवरच्या पोलिसावरही येऊ नये. तीन दिशांच्या शेवटच्या गाड्या कधी आहेत हे पाहून तिथून मागे मोजत या, मैदान रिकामं व्हायला लागणारा वेळ वजा करा आणि त्यावरून शेवटचं गाणं कधी संपायला हवं ते ठरवा. मग मुख्य कलाकाराची स्टेजवर येण्याची वेळ तिकिटावर छापायला लावा. ती पाळली नाही तर आयोजकाची अनामत रक्कम कापा. माझी खात्री आहे, दोन कार्यक्रमांत सगळे वेळेवर येऊ लागतील.

पैशांचा प्रश्न येईल, तर जर्मनीतल्या अनेक शहरांत मैफलीचं तिकीट हेच त्या रात्रीचं बस-ट्रेनचं तिकीट असतं. पैसे तिकिटाच्या किमतीतच धरलेले असतात. आपल्याकडे ५० हजार तिकिटांवर पंचवीस-पंचवीस रुपये घेतले तरी साडेबारा लाख होतात. एनएमएमटी आणि टीएमटीच्या जादा बसचा, चालक-वाहकांच्या रात्रपाळीच्या भत्त्याचा आणि स्टेशनपर्यंतच्या दिव्यांचा खर्च त्यातून निघावा. ज्या तिकिटाला पाच-सात हजार मोजले, त्याला आणखी पंचवीस द्यायला कुणी नाही म्हणणार नाही. बेलापूर-पेंधर मेट्रोही अशा रात्री तास-दीड तास जास्त धावली तर खारघर-तळोज्याचे श्रोते महामार्गावर येणारच नाहीत.

मोठ्या मैदानांचं बोलले, पण माझा जीव गुंतला आहे तो छोट्या मैफलींत. दोन-तीनशे माणसं, दोन तानपुरे, समोरच्या रांगेत डोळे मिटून बसलेले म्हातारे श्रोते. अशा बैठकांची घंटाळीच्या सहयोग मंदिरात, गडकरीत, वाशीच्या विष्णुदास भावेत परंपरा आहे. तिथे काय होतं ते बघायला आपण एकदा यावं. गायक साडेआठला बसतो, सव्वानऊपर्यंत आवाज तापतो, साडेनऊला विलंबितात, म्हणजे संथ लयीच्या गाण्यात, खरा रंग भरू लागतो, आणि नेमकी तेव्हाच सभागृहात चुळबुळ सुरू होते. खुर्च्या वाजतात. माणसं वाकून वाकून, माफी मागितल्यासारखा हात करत बाहेर पडतात. कुणाला डोंबिवली गाठायची असते, कुणाला घोडबंदर रोडवरची शेवटची बस. गायकाला ते दिसतं. तो द्रुत, म्हणजे जलद लयीचं गाणं, लवकर घेतो, तराणा गाळतो आणि शेवटच्या भैरवीवर येतो.

अनेकांना वाटतं की हे दहा वाजताच्या कायद्यामुळे होतं. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० मी वाचले आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, पण सभागृहासारख्या बंदिस्त जागेत, आतल्या आत ऐकण्यासाठी लावलेल्या ध्वनिक्षेपकाला त्यातून सूट आहे. म्हणजे बंद दाराआडची मैफल साडेअकरापर्यंत चालली तर या नियमाची हरकत नाही. मैफल थांबते ती बसमुळे, सभागृहाच्या सत्राच्या वेळेमुळे, आणि तिथे काम करणाऱ्या माणसांमुळे. पडदा ओढणारा दिवा गावात राहतो, साउंडवाला बदलापूरला, दारावरचा माणूस कळव्यात. त्यांनी शेवटची गाडी चुकवावी असं मी कधीच म्हणणार नाही. त्यांना घरी पोहोचवायची सोय झाली की आम्हालाही गाणं पुरतं ऐकायला मिळेल, दोन्ही गोष्टी एकाच बसने होणार आहेत. कार्यक्रमाच्या रात्री गडकरीपासून स्टेशनपर्यंत आणि काशिनाथ घाणेकर नाट्यगृहापासून माजिवड्यावरून स्टेशनपर्यंत टीएमटीची एक बस साडेअकराला आणि एक सव्वाबाराला, एवढंच हवं आहे. घाणेकर नाट्यगृह स्टेशनपासून लांब आहे आणि सध्या मेट्रोच्या कामाने सगळा रस्ता अडला आहे, त्यामुळे तिथे ही गरज जास्त.

यात गाण्याचं जे नुकसान होतं ते आपल्या नजरेला आणून द्यावंसं वाटतं. आपल्या संगीतात रागाला वेळ असते. मारवा संध्याकाळचा, यमन दिवेलागणीनंतरचा, बागेश्री त्यापुढची, मालकंस आणि दरबारी रात्र चढल्यावरचे, सोहनी उत्तररात्रीची, ललत पहाटेचा. सात ते दहाच्या मैफलीत यमन, पुरिया कल्याण, मारुबिहाग हेच फिरून फिरून ऐकायला मिळतात. दरबारी कुणी गायलाच तर तो नऊ वाजता, घड्याळाकडे बघत. सोहनी आणि ललत समोर बसून ऐकलेला तरुण श्रोता मला आता क्वचितच भेटतो. मैफल भैरवीने संपवायची रीत रात्रभर चालणाऱ्या बैठकांच्या काळापासूनची. तेव्हा भैरवीपर्यंत खरोखरच उजाडलेलं असायचं. पुण्यात १९५३ पासून चालू असलेल्या सवाई गंधर्व महोत्सवातही शेवटची रात्र पहाटेपर्यंत जागायची. उघड्यावरच्या मांडवाला नवे नियम लागू झाले आणि ते थांबलं, ते मला मान्य आहे. बंद सभागृहात मात्र ती रात्र परत आणता येते.

म्हणून माझी सगळ्यात लाडकी मागणी : दोन्ही महापालिकांनी मिळून वर्षातून चार वेळा बंदिस्त सभागृहात रात्रभराची मैफल भरवावी. रात्री नऊला सुरू, पहाटे पाचला समाप्त. या मैफलीला जादा गाडीसुद्धा लागणार नाही, कारण तोवर पहिल्या लोकल सुरू झालेल्या असतात. हवं ते इतकंच की सभागृहाचं रात्रीचं सत्र आणि त्यापुढचे तास एकत्र मिळून परवडेल अशा भाड्यात मिळावेत, कर्मचाऱ्यांना दुप्पट मोबदला आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी मिळावी, चहाची किटली आणि खायला काही मिळावं. पहिली मैफल राम मराठे महोत्सवाला जोडून केली तर शोभेल. तिकिटं विकायला मी स्वतः दारोदार फिरेन.

शेजाऱ्यांबद्दल लिहिल्याशिवाय हे पत्र प्रामाणिक होणार नाही. माझी आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा आमच्या इमारतीमागे एका उत्सवात डीजेची भिंत लागली होती. खिडकीची तावदानं थरथरत होती आणि आई कानांवर हात ठेवून पडली होती. म्हणून उघड्यावरच्या कार्यक्रमांना दहाची मर्यादा वाढवून द्या, अशी सरसकट मागणी मी करत नाही. राहत्या वस्तीत आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि कार्यक्रमाच्या जागेच्या हद्दीवर आवाज त्याहून १० डेसिबलने जास्त किंवा ७५ डेसिबल, यांत जे कमी असेल त्याच्या वर जाता कामा नये, असं नियम सांगतो. तो गाण्यालाही लागू असावा आणि मिरवणुकीलाही.

यात एक बारकावा मात्र आहे. माणसांना त्रास होतो तो मुख्यतः खालच्या सुरांचा, ज्याला साउंडवाले बेस म्हणतात. तो भिंतीतून आरपार जातो, लांबवर जातो. आपलं मोजमाप होतं ते ए-वेटेड डेसिबलमध्ये, आणि त्या मापात खालचे सूर फार कमी धरले जातात. त्यामुळे मीटरवर आकडा ठीक दिसतो आणि समोरच्या इमारतीतल्या आजींची झोप उडालेली असते. मोठ्या कार्यक्रमात खालचे सूर पुरते धरणारी सी-वेटेड मोजणीही करा, आणि मीटर स्टेजजवळ न ठेवता समोरच्या वस्तीतल्या खिडकीत ठेवा. सबवूफरची, म्हणजे बेस वाजवणाऱ्या स्पीकरची, मांडणी अशी करता येते की बेस श्रोत्यांकडे जास्त आणि मागे कमी जातो. चांगल्या साउंड इंजिनिअरला ती येते, आयोजकाला ती करायला भाग पाडावं लागतं. श्रोत्यांच्या कानांचाही विचार व्हावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा ठिकाणांसाठी मानक दिलं आहे : पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर नको, कानात घालायला बोळे उपलब्ध हवेत, आणि थोडा वेळ शांत बसता येईल अशी जागा हवी. स्पीकरसमोर चिकटून उभ्या राहिलेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना पाहिलं की मला फार वाटतं की हे कुणीतरी त्यांच्यासाठी करायला हवं.

सण-उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस उघड्यावर मध्यरात्रीपर्यंत सूट देण्याचा अधिकार सरकारला आहे. नियमाचे शब्द सांस्कृतिक किंवा धार्मिक प्रसंग असे आहेत. पुण्यात सवाईच्या शनिवारी ही सवलत मिळत आली आहे. आपल्या जिल्ह्यात त्यांतला एक दिवस थंडीतल्या एखाद्या शनिवारी, ठाण्यातल्या उपवनच्या तलावाकाठी, फक्त संगीतासाठी राखावा. एकच. खिडकीतल्या मीटरसकट.

रात्रीचं शहर म्हटलं की श्रोत्यांचाच विचार होतो. वाजवणाऱ्यांचं काय? माझ्या ओळखीचा एक तरुण ऑर्केस्ट्रा बारमध्ये कीबोर्ड वाजवतो. आठवड्यातले पाच दिवस त्याचं काम रात्री दीड वाजता संपतं, आणि पहिल्या लोकलपर्यंत तो कीबोर्ड मांडीवर घेऊन प्लॅटफॉर्मवर बसतो. अशा ठिकाणी गाणाऱ्या बायकांची संख्या किती असावी यावरची अट सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या फेब्रुवारीत रद्द केली; एकूण आठ कलाकारांत बायका किती आणि पुरुष किती हे ठरवणं सरकारचं काम नाही, असा त्याचा अर्थ. गाण्याचा हक्क मिळाला. रात्री दीड वाजता तुर्भ्याहून घरी जायची गाडी मिळालेली नाही. घणसोली, दिवाळे, करावे अशा गावांत हळदीला बँजो वाजवणाऱ्या पोरांचंही तेच. हे शहर वसायच्या आधीपासून या खाडीकाठी रात्री गाणं होतं, लग्नात धवलारणी बायका गात ते धवले होते. ती माणसं या शहराच्या संगीताचा पाया आहेत, आणि रात्रीच्या बसचा मार्ग आखताना त्यांना विचारलंच पाहिजे.

खाण्याचं थोडक्यात. दारू न देणारी हॉटेलं चोवीस तास उघडी ठेवायला हरकत नाही, हे राज्य सरकारने २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये स्पष्ट केलं आहे. तलावपाळीला, म्हणजे मासुंदा तलावाकाठी, रात्री साडेअकराला मात्र चहा मिळत नाही, कारण दुकानदाराला गस्तीवरच्या माणसाची धास्ती असते. तो आदेश प्रत्येक पोलीस ठाण्याच्या फलकावर लावला तरी अर्धं काम होईल. उघडं दुकान आणि चार माणसांचा वावर असला की त्या रस्त्यावरून एकट्या बाईला चालता येतं.

पाण्याचं मात्र थोडक्यात सांगून भागणार नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर भर उन्हात झालेल्या सरकारी सोहळ्यानंतर उष्माघाताने चौदा माणसं गेली. ते गाण्याला आले नव्हते, पण उघड्या मैदानावर तासन्‌तास बसलेली माणसं होती, आपल्याच परिसरात. आजही मोठ्या कार्यक्रमांत बाटली फाटकावर काढून घेतात आणि आत पाणी विकत घ्यावं लागतं. एका कार्यक्रमात माझ्या पुढची मुलगी चक्कर येऊन पडली तेव्हा पाण्याच्या स्टॉलवर सुट्ट्या पैशांवरून वाद चालला होता. फुकट पाणी, प्रत्येक विभागात, फाटक उघडल्यापासून शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत, ही परवानगीची अट असावी आणि ती मोडल्यास पुढच्या वेळी परवानगी नाकारावी. मार्च ते मे दुपारी फाटकं उघडून लोकांना आत बसवणं बंदच करावं.

नवी मुंबईत २०२५ च्या डिसेंबरात विमानतळ सुरू झाला. कलाकारांना आता नेरूळ आणखी जवळचं होईल, कार्यक्रम वाढतील. मला त्याचा मनापासून आनंद आहे. म्हणूनच नियम आता व्हावा असं वाटतं, एखादी दुर्घटना झाल्यावर चौकशी समितीच्या अहवालात नको.

आणि हा नियम छोट्या आयोजकाच्या गळ्याला फास होऊ नये. तीनशे माणसांची मैफल करणारा निवृत्त शिक्षक आजही परफॉर्मन्स लायसन्स, पोलीस ठाणं, वाहतूक शाखा, अग्निशमन दल अशा सगळ्या एनओसींसाठी फिरतो. त्याला एकच अर्ज, एकच खिडकी आणि ठरावीक दिवसांत उत्तर मिळावं. परवानगीतल्या परतीच्या पानावर त्याने फक्त कार्यक्रम संपण्याची वेळ आणि श्रोत्यांची संख्या लिहावी. बस द्यायची की नाही ते परिवहनने पाहावं. मोठ्या आयोजकाने मात्र त्या पानावर सगळं लिहावं : किती फाटकं उघडी राहतील, स्टेशनपर्यंत दिवे आणि माणसं कुठे असतील, बस किती आणि कुठून, शेवटच्या गाड्या कोणत्या, रिक्षा-टॅक्सीसाठी जागा कुठे, पाणी आणि डॉक्टर कुठे. ते पान कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी तिकीट काढलेल्या प्रत्येकाच्या फोनवर यावं.

मोठ्या कार्यक्रमांचा मोसम थंडीत असतो. त्याआधी, म्हणजे सप्टेंबरपर्यंत, आपण सगळ्यांनी एक बैठक बोलवावी आणि तिला श्रोते, साउंडवाले, वादक, रिक्षा संघटना आणि मैदानांशेजारच्या सोसायट्या यांनाही बोलवावं. बैठक संध्याकाळी सातनंतर ठेवा, म्हणजे नोकरी करणाऱ्यांना येता येईल. मी येईन, आणि माझ्यासोबत भाचीही येईल.

आपली,
नौपाड्यातली एक श्रोती